रिटायर झाल्यावर कुठे राहायचं हे सायकल चालवून ठरवलं, माझा अनुभव

2012 ला पहिली रोड बाइक घेतली तेव्हापासून पुण्यात रोज पहाटे सव्वापाचला निघायचो, खडकवासला, पानशेत, कधी बोपदेव घाट, आणि साडेआठला घरी येऊन बँकेत. बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राइडपण केल्या, 200 किलोमीटरची दोनदा आणि 300 ची एकदा, ती वीस तासांच्या लिमिटमध्ये जेमतेम बसली. पण शेवटच्या दोन-तीन वर्षांत रस्त्याची भीती वाटायला लागली होती आणि एक दिवस आमच्या ग्रुपमधल्या एकाला मागून टेम्पोने उडवलं. कॉलरबोन तुटलं, जीव वाचला. त्या रात्री बायको म्हणाली, "अहो, सायकल सोडा असं मी म्हणणार नाही, पण हा रस्ता सोडू या."

मग शोध सुरू झाला. तिच्या अटी तीन, चांगला डॉक्टर अर्ध्या तासात हवा, मुलीकडे पुण्याला दोन-अडीच तासात पोचता यावं आणि गावात वाचनालय हवं. माझी अट एकच, घराच्या दारातून सायकल काढायची आणि दारातच परत यायचं, गाडीवर रॅक लावून चांगला रस्ता शोधत जायचं नाही.

सुरुवातीला मी एक मोठी चूक केली. सगळी गावं रविवारी पहाटे बघितली. रविवारी पहाटे सहाला महाराष्ट्रातला कुठलाही रस्ता छानच वाटतो हो! रिटायर झाल्यावर आपण मंगळवारी सकाळी आठला बाहेर पडणार, कारण पाचला उठून पळायचं कारणच संपलेलं असतं, आणि त्या वेळेला रस्त्यावर स्कूल बस, दुधाच्या गाड्या, डंपर सगळं असतं. हे लक्षात आल्यावर आधीची सगळी यादी बाजूला ठेवली आणि नव्याने फिरलो, प्रत्येक ठिकाणी तीन वेळा, मे महिन्यात, भर पावसात आणि जानेवारीत, आणि तेही मधल्या वारी.

दापोलीवर माझा पहिल्यापासून जीव. मावसभाऊ तिथेच असतो, हवा सुंदर, माणसं सायकलवाल्याला मान देतात. पण दापोली वर आणि समुद्र खाली, हर्णैला जाताना मस्त उतरायचं आणि घरी येताना दमल्यावर, घामाने निथळत चढायचं, रोज. सपाट असा रस्ता नाहीच, सतत चढउतार. पावसात कडेला शेवाळ धरतं, एका वळणावर माझं मागचं चाक सरकलं तेव्हा साठीतल्या हाडांचा विचार आलाच. मुलीपासूनही लांब. हे गाव सोडताना खूप वाईट वाटलं.

नाशिकला सायकलवाल्यांचं वातावरण जबरदस्त, महाजन डॉक्टर बंधूंनी 2015 ला रॅम, म्हणजे अमेरिका आरपार करायची सायकल शर्यत, पूर्ण केली ते शहर आहे. पण एका मोठ्या शहरातून उठून दुसऱ्या मोठ्या शहरात जायचं नव्हतं. साताऱ्याला यवतेश्वर घाटातून कासला जाणारा रस्ता माझ्या मते आपल्याकडचा सगळ्यात देखणा चढ, पण फुलांच्या सीझनला तिथे गाड्यांची रांग लागते आणि आम्ही बघितलेल्या घरापासून कुठेही जायचं म्हटलं तरी आधी चढच होता. गुडघा आत्ता साथ देतोय, सत्तरीत देईलच असं नाही, आणि घर सत्तरीसाठीपण घ्यायचंय.

वाईला आम्ही खरं तर साताऱ्याहून परतताना थांबलो. एजंटने आधी सुरूर फाट्याच्या बाजूचा प्लॉट दाखवला, "साहेब हायवे टच आहे" असं चार वेळा सांगितलं. रस्त्याला जुने वड आहेत, सावली आहे, पण पुण्या-मुंबईची पाचगणी-महाबळेश्वरला जाणारी सगळी गर्दी त्याच रस्त्याने गावात शिरते. मी समोरच्या टपरीवर चहा घेऊन तासभर बसलो आणि नुसते डंपर आणि ट्रक मोजले, 47 झाले. तिथून उठलो.

दुसऱ्या दिवशी गावाच्या पश्चिमेला गेलो आणि चित्रच बदललं. मेणवली तीनेक किलोमीटर, पुढे धोम, कृष्णा सोबतीला, रस्ता जवळजवळ सपाट, ट्रॅफिक म्हणजे टू-व्हीलर, एसटी आणि शेतावर जाणारी माणसं. दम असेल त्या दिवशी पसरणी घाट आहेच, 12 किलोमीटरच्या आसपास आणि पाचशे मीटरच्या वर चढ, पण घाट फक्त सोमवार ते गुरुवार, वीकेंडला मी तिकडे फिरकत नाही. पावसाचंही चांगलं, महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पडतो पण वाईत त्यामानाने खूपच कमी, भर जुलैमध्येसुद्धा मला चारपैकी तीन दिवस सायकल काढता आली.

जानेवारीत मात्र हादरलो. गाळप हंगाम चालू, सकाळी सहाचा अंधार, आणि पुढे ट्रॅक्टरला जोडलेल्या उसाच्या दोन ट्रॉल्या, मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, उसाची टोकं हात-दीड हात बाहेर. ओव्हरटेक करताना पाचट खांद्याला घासून गेलं. थोडं पुढे रस्त्यावर पडलेलं उसाचं एक टिपरू चाकाखाली आलं आणि हँडल हातातून सुटता सुटता राहिलं. टपरीवर एक ट्रॅक्टरवाला भेटला, तो म्हणाला, "काका, तुम्हाला कुठं ड्युटीवर जायचंय? ऊन पडल्यावर या की." त्यानंतर हंगामात सातच्या आत निघायचं नाही हे ठरवूनच टाकलं, मागचा दिवा दिवसापण चालू ठेवतो आणि 25 मिलिमीटरचे टायर काढून जास्त रुंद, 32 चे घातले, कडेच्या खडीत उतरावं लागलं तर सायकल सावरते.

अडचणी आहेतच. रोड बाइकला लागणारी, बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हची ट्यूब गावात मिळाली नाही, सहा आणून ठेवल्यात. बाभळीच्या काट्यांनी महिन्यात तीन पंक्चर झाली. बायकोच्या तिन्ही अटी मात्र बसल्या, डॉक्टर गावातच, पुणे दोन-अडीच तास, आणि ज्या गावात मराठी विश्वकोशाचं काम चाललं तिथे पुस्तकांची काळजी नाही असं तिचं म्हणणं, आठवड्यातून दोनदा ती वाचनालयात जाते.

घर अजून विकत घेतलेलं नाही. मेणवली रोडला अकरा महिन्यांच्या अ‍ॅग्रीमेंटवर दोन खोल्या घेतल्यात, एक अख्खा गाळप हंगाम इथे राहून काढायचा आणि मगच बुकिंग करायचं असं आमचं ठरलंय. काल सकाळी आठला निघालो, धोमच्या नरसिंह मंदिरापाशी पाणी प्यायलो, साडेनऊला घरी. वार मंगळवार होता. जाताना दोन एसटी आणि येताना एक दुधाचा टेम्पो, एवढीच मोठी वाहनं लागली.