घे गं पोरी

आजीचा गुडघा बसला म्हणून मी वारीला गेले. भक्तीबिक्तीचं नंतर.

आजी सातारा तालुक्यातली, आरफळच्या शिवेजवळच्या गावची. ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीला आजचं रूप दिलं ते हैबतबाबा आरफळकरांनी, आणि आजी हे अशा थाटात सांगते की ऐकणाऱ्याला वाटावं, हैबतबाबा हिचे सख्खे चुलते. गावच्या दिंडीत ती 14 वर्षं तुळस घेऊन चालली. 2024 मध्ये डॉक्टरांनी तिला घरी बसवलं. पण तोवर भिशी भरून झाली होती. जेवणखाण, ट्रक, तंबू यांसाठी दिंडीत माणशी पैसे गोळा करतात, ती भिशी. आणि भरलेले पैसे वाया घालवणं आमच्या घरात पापात मोजतात. मी 23 वर्षांची, पुण्यातली पहिली नोकरी सोडलेली, दुसरी 22 जुलैला सुरू होणार होती. आजीनं माझ्याकडे नुसतं बघितलं.

"मी?"

"मग काय म्हशीला पाठवू?"

29 जूनला आळंदीत मंदिराचा कळस हलला की पालखी निघते, अशी श्रद्धा आहे. आजीची मैत्रीण आक्का माझ्या शेजारीच उभी होती. तिनं "हलला, हलला!" म्हणून हात जोडले. मला समोरच्याची छत्री दिसली. पुढच्या 19 दिवसांचा अंदाज तेव्हाच यायला हवा होता.

मी मात्र मोठ्या तयारीनं गेले होते. महागाचे बूट, पटकन वाळणारे टीशर्ट, पॉवर बँक, एक कोरी वही. रोज एक पान लिहायचं, एकटीनं चालायचं, आयुष्याचं काय करायचं ते ठरवायचं, असा बेत होता. वहीत शेवटी एकूण चार ओळी लिहिल्या गेल्या. त्यातली एक म्हणजे आक्काच्या मुलाचा फोन नंबर.

पुण्यात शिरताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी हात पुढे येत होते. बिस्किटं, केळी, राजगिऱ्याचे लाडू, पाण्याच्या बाटल्या. एका काकांनी माझ्यापुढे चहाचा कागदी कप धरला आणि मी सवयीनं म्हणाले, "नको, थँक्यू." त्यांचा हात तसाच राहिला. मागून आक्कानं मला कोपरानं ढोसलं. "घे गं पोरी. त्यास्नी न्हाई जमत चालायला. तेवढीच त्यांची वारी."

मी चहा घेतला. साखर इतकी की ओठ चिकटले. पण मला मनापासून घेता आलं नव्हतं, हे आक्काला कळलं असावं. आमच्या घरात मोठं होणं म्हणजे कुणाकडून काही न घेणं. दहावीनंतर "आता मोठी झालीस" हे वाक्य मी ज्या ज्या वेळी ऐकलं, त्या त्या वेळी त्याचा अर्थ एकच होता, मागू नकोस. पुण्यात आल्यावर तर मी त्यात पटाईत झाले. तापानं फणफणले तरी रूममेटला सांगितलं नव्हतं.

त्याहून वाईट प्रकार हडपसरच्या पुढे. सत्तरीच्या आसपासचे एक गृहस्थ रस्त्याच्या कडेला उभे राहून जाणाऱ्या प्रत्येक वारकऱ्याच्या पाया पडत होते. माझ्यापाशी आले तशी मी दोन पावलं मागे उडी मारली. "काका, अहो, मी लहान आहे!" ते हसले, माझ्या बुटाजवळची धूळ बोटाला लावून कपाळी नेली आणि पुढच्या माणसाकडे वळले. नंतर कितीतरी वेळ मला लाजच वाटत राहिली. वारीत सगळेच एकमेकांच्या पाया पडतात, वय विचारायची पद्धत नाही, हे पाठ्यपुस्तकात वाचलेलं होतं. पण वाचणं वेगळं आणि एक म्हातारा माणूस खरोखर आपल्यापुढे वाकणं वेगळं.

दिवे घाटाबद्दल फार लिहीत नाही. त्याचे फोटो सगळ्यांनी पाहिलेत. रथाला जादा बैलजोड्या जुंपतात, वर ड्रोन घोंघावत असतात, आणि फोटोत जी पांढरी वळणदार रेघ दिसते तिच्या आत घाम, ढकलाढकली आणि डिझेलचा वास असतो. एकादशी होती. पुण्यातून सासवडपर्यंत तीसेक किलोमीटर, पोटात साबुदाण्याची खिचडी आणि दोन केळी. घाटमाथ्यावर मात्र वारा असा आला की सगळ्या बायका एकदम "आई गं" म्हणाल्या.

सासवडला माझा उजवा बूट तळाशी उकलला. सोपानकाकांची समाधी असलेलं गाव, दोन दिवस मुक्काम, रस्त्याच्या कडेला चपला-बूट फुकट शिवून देणारे बसलेले. एका दादांनी बूट उलटा केला, वास घेतला की काय कोण जाणे, आणि म्हणाले, "केवढ्याला?" मी किंमत सांगितली. त्यांनी शेजारच्याला सांगितली. दोघंही बराच वेळ हसले. मग दाभण घेऊन त्यांनी तो असा शिवला की आजही तो बूट त्या बाजूनं उसवलेला नाही. मी पैसे पुढे केले तर हात जोडले. या वेळी मी "नाही, घ्याच" वगैरे काही केलं नाही. मीही वाकले. दोघांची डोकी आपटली.

खरी वारी पहाटे असते, असं माझं मत आहे. निदान बायकांची तरी. तीन वाजता उठायचं, कारण अंधार आहे तोवर टँकरखाली अंघोळ उरकायची. दोघीतिघींनी लुगडी धरून आडोसा करायचा, आत एकीनं भराभर पाणी ओतून घ्यायचं, आणि कुणीतरी हमखास ओरडणार, "आवर की, लग्नाला जायचंय का?" फिरती शौचालयं असतात, पण उजाडेपर्यंत त्यांची काय गत होते ते लिहायला नको. वळकटी बांधून ट्रकमध्ये फेकली की मग चहा. ओलं लुगडं वाळत घालायला जागा नसते, म्हणून दोघी दोन टोकं धरून चालतात. वाऱ्यावर फुगलेलं हिरवं लुगडं, दोन्हीकडे दोन म्हाताऱ्या, मध्ये ज्ञानोबा-तुकाराम चाललेलं. माझे पटकन वाळणारे टीशर्ट दिवसभर पिशवीत कुबट होत. वाल्ह्यापासून मीही आक्काच्या लुगड्याचं दुसरं टोक धरायला लागले आणि त्यावरच माझा टीशर्ट टाकायचे.

असली सुखं तिथं पोत्यानं सापडतात. नीरेच्या पाण्यात सोडलेले पाय. मिरचीच्या ठेच्याबरोबरचं गरम पिठलं, हातावरच घेतलेलं. पाऊस ताडपत्रीवर वाजतोय आणि आपण आत कोरडे आहोत. फोडातून सुईदोरा ओवून दोरा तसाच ठेवला की पाणी झिरपून जातं आणि दुसऱ्या दिवशी पाय टेकवता येतो. हेही सुखच, फक्त ओवताना नाही.

आणि समाज आरती. संध्याकाळी तळावर पालखीभोवती सगळ्या दिंड्या टाळ वाजवत उभ्या राहतात. सोहळ्याची शिस्त सांभाळणाऱ्या चोपदारांनी दंड उंचावला की हजारो टाळ एका क्षणात गप्प. ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती तेवढी वाजवत राहते. मग चोपदार तिकडे जाऊन ऐकून घेतात. भांडायची इतकी शहाणी रीत मी दुसरीकडे पाहिलेली नाही. आमच्या जुन्या ऑफिसात असे टाळ हवे होते. त्यानंतर हरवल्या-सापडल्याची यादी पुकारतात. पिशव्या, चष्मे, कुणाचा टाळ. एकदा एका माउलींची कवळी सापडली होती. कुणीही हसलं नाही. मी सोडून.

फलटणच्या अलीकडे माझी पाळी आली. तोवर तुळस डोक्यावर घ्यायची पाळी, म्हणजे दुसरी पाळी, मला चांगली जमायला लागली होती. चुंबळ नीट बसली की हात सोडूनही चालता येतं. आक्का म्हणाली, "चालायला काय हुतंय? चाल की. तुळस तेवढी नको घेऊस." मी वाद घातला. रजस्वला, विटाळ या सगळ्यावर अभंगांतच काय म्हटलंय ते मोबाइलवर शोधून दाखवणार होते, पण चार्जिंग संपलेलं. आक्कानं ऐकून घेतलं आणि तुळस दुसरीच्या डोक्यावर दिली. मला पटलं नाही. आजही पटत नाही. त्याच रात्री तिनं न सांगता माझ्यासाठी गरम पाण्याची बाटली आणली, कुठून आणली देव जाणे, आणि माझ्या पोटऱ्या तेल लावून रगडल्या. तिच्यावर रागवायचं की काय करायचं, हे मला तेव्हा ठरवता आलं नाही. पाय मात्र ओढून घेतले नाहीत. चार दिवसांनी तुळस परत माझ्याकडे आली, काही न बोलता.

वारकऱ्यांच्या गोलात घोडे धावतात ते गोल रिंगण पाहिलं, म्हणजे घोड्याची शेपटी पाहिली. पुढं जरीपटक्याचा स्वार आणि मागे माउलींचा अश्व, ज्यावर कुणी बसत नाही. तो सुटला की लोक श्वास धरतात, आणि त्याच्या टापांखालची माती उचलायला धावतात. आक्कानं माझ्या कपाळाला ती माती लावली, थोडी माझ्या डोळ्यातही गेली. वेळापूरच्या उताराला धावा झाला. पंढरी जवळ आली म्हणून सगळे पळत सुटतात. 68 वर्षांची आक्का लुगड्याचा काष्टा आवळून माझ्यापुढे निघून गेली आणि खाली जाऊन माझी वाट बघत उभी राहिली, दम न लागता.

17 जुलैला पंढरपूर. चंद्रभागेत बुडी, नामदेव पायरीकडे दुरूनच हात, आणि दर्शनाच्या रांगेचं टोक कुठे आहे हेही दिसेना. मी हिरमुसले. इतकं चालून विठ्ठल बघायचाच नाही? आक्का कळसाकडे बोट दाखवून म्हणाली, "दिसला न्हवं? मग झालं. आत जायाचं आसंल तर कार्तिकीला ये." आणि ती चुरमुरे-बत्तासे घ्यायला वळली, कारण सगळ्या गल्लीला प्रसाद पुरवायचा होता.

एसटीनं साताऱ्याला पोचले तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. आजी पडवीतल्या खुर्चीत जागी होती. मी बुक्का दिला, चुरमुऱ्यांची पिशवी दिली. तिनं दोन्ही बाजूला ठेवलं, खुर्चीचे हात धरून उठली आणि वाकायला लागली. गुडघा वाकत नव्हता, म्हणून एका हातानं भिंत धरली. मी जागची हलले नाही. तिची बोटं माझ्या पावलांना लागली, उजव्या अंगठ्यावर जरा थांबली.

"नख काळं पडलंय गं," आजी म्हणाली. "बूट लहान घेतलेस वाटतं."