हेलिकॉप्टरच्या पैशात नर्स का नाही?

डोंगरातल्या रुग्णांना हेलिकॉप्टरने आणण्यापेक्षा तेवढ्या पैशात गावात नर्स का ठेवत नाही, असं तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. एरवी हा प्रश्न मला रेल्वेच्या डब्यात आणि एकदा तर दंतवैद्याच्या खुर्चीत, तोंड उघडं असताना विचारला गेलाय, तेव्हा नीट उत्तर देता आलं नव्हतं.

मी भूलतज्ज्ञ. नेपाळच्या कर्णाली प्रदेशात एका धर्मादाय संस्थेबरोबर तीन हंगाम काम केलं. डोंगरात अडलेल्या बाळंतिणी, कड्यावरून पडलेली माणसं, भाजलेली मुलं यांना ही संस्था हेलिकॉप्टरने सुर्खेत नाहीतर नेपाळगंजच्या रुग्णालयात आणते. रुग्णाकडून पैसे घेत नाही. हेलिकॉप्टर संस्थेचं नाही, तासाच्या भाड्याने घेतलेलं. एवढं सांगून होतंय न होतंय तोच समोरचा मनात भागाकार मांडतो. तासाला लाखाच्या वर नेपाळी रुपये, जाऊन-येऊन दोन तास. "अहो, तेवढ्यात गावात एक नर्स ठेवता आली असती की!"

पहिल्या हंगामाला निघालो तेव्हा माझ्याही डोक्यात हाच भागाकार होता.

चैत्रातली संध्याकाळ, पावणेसहा. हुमला जिल्ह्याच्या खालच्या अंगाला, कर्णाली नदीपासून तासभर चढावर असलेल्या एका गावातून फोन आला. बाळ साडेचारला झालं, वार (प्लासेंटा) पडलेली नाही, रक्त थांबत नाही. हेलिकॉप्टर आमच्यासमोर मैदानात उभं होतं, टाकी भरलेली. पण सहा-साडेसहाला अंधार. तिथल्या दऱ्यांत वैमानिक डोळ्यांनी बघून उडतात, रात्रीचं उड्डाण नाही. कॅप्टनने घड्याळाकडे पाहिलं आणि नुसती मान हलवली.

अशा वेळी शरीरात काय चालतं ते थोडक्यात सांगतो, कारण सगळा हिशेब त्यावर आहे. बाळ आणि वार बाहेर आली की गर्भाशय मुठीसारखं आवळतं आणि त्या आवळण्याने रक्तवाहिन्यांची तोंडं मिटतात. वार आत अडकली की मूठ वळत नाही. रक्तस्राव जोराचा असेल तर धडधाकट बाई दोन तासांत जाते. सुर्खेतहून त्या गावाला पोचायला वारा बरा असला तर पाऊण तास. त्याआधी फोन, खात्री, परवानगी, हवामानाची चौकशी. म्हणजे भर दुपार असती तरी नुसत्या हेलिकॉप्टरच्या भरवशावर ती वाचण्याची खात्री नव्हती. आता तर पूर्ण रात्र काढायची होती.

ती काढली तिथल्या अनमीने. साहाय्यक नर्सला तिकडे अनमी म्हणतात. ही पंचविशीची असेल. तिने दोन्ही हातांना सलाइन लावलं, सौर फ्रिजमधलं, गर्भाशय आवळायला लावणारं ऑक्सिटोसिन दिलं, मूत्राशय रिकामं केलं, पोटावरून गर्भाशय चोळत राहिली. मग तिने अँटी-शॉक सूट चढवला. पाणबुड्यांच्या पोशाखासारखं जाड कापड, त्याला वेल्क्रोचे पट्टे. घोट्यापासून सुरुवात करून पोटापर्यंत एकेक पट्टा करकचून आवळत आणायचा, म्हणजे पायांतलं रक्त हृदयाकडे आणि मेंदूकडे राहतं. वीज लागत नाही, धुऊन पुन्हा वापरता येतो. माझ्या मते डोंगरातल्या वैद्यकाने इतकी साधी आणि इतकी कामाची वस्तू क्वचितच पाहिली असेल. दर अर्ध्या तासाला ती नाडी आणि रक्तदाब सांगायची, आम्ही इकडून पुढचं सांगायचो. पहाटे तीनला म्हणाली, "सर, मोबाइलची बॅटरी अकरा टक्के." त्या रात्री मला सगळ्यात जास्त भीती त्या आकड्याची वाटली.

सव्वासातला हेलिकॉप्टर शाळेच्या मैदानात उतरलं. मी त्यात नव्हतो. कारण सांगायला थोडी लाज वाटते: माझं वजन ८४ किलो. हवा जितकी विरळ तितका पंख्याला उचल कमी, इंजिनाला दम कमी, म्हणून वर जाताना किलो-किलोचा हिशेब असतो. याच जातीचं एकइंजिनी यंत्र २००५ साली एका फ्रेंच वैमानिकाने एव्हरेस्टच्या माथ्यावर टेकवलं होतं. पण तेव्हा आत तो एकटाच होता, स्ट्रेचर नव्हतं, नातेवाईक नव्हता. आमच्याकडे मी बसलो तर ऑक्सिजनचा सिलिंडर आणि बाळाबरोबरची आजी, दोन्ही खाली राहतात. कॅप्टन वजनकाट्याकडे बघायचे आणि ५२ किलोची सिस्टर घेऊन जायचे. तीन हंगामांत मी जेमतेम सात वेळा उडालोय. लोकांना मी 'हेलिकॉप्टरवाला डॉक्टर' वाटतो, पण माझं बहुतेक काम जमिनीवर बसून फोन धरण्याचं होतं.

बाई सुर्खेतला आली. मी भूल दिली, स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी दहा मिनिटांत वार काढली, रक्ताच्या तीन पिशव्या लागल्या. वाचली. आता तुमच्या भागाकारात तिला कुठल्या खान्यात टाकायचं ते सांगा. अनमी नसती तर हेलिकॉप्टरने प्रेत आणलं असतं. हेलिकॉप्टर नसतं तर अनमीने आणखी फार तर अर्धा दिवस तिला धरून ठेवलं असतं. सूट रक्त भरत नाही आणि वार काढत नाही.

एक गोष्ट मात्र मोकळेपणाने मान्य करतो. नेपाळमध्ये लाख जिवंत जन्मांमागे ५३९ माता दगावत होत्या, हा १९९६ च्या पाहणीतला आकडा. २०२१ च्या जनगणनेबरोबर केलेल्या मोजणीत तो १५१ वर आला. या घसरणीत हेलिकॉप्टरचा वाटा जवळपास शून्य आहे. ती घडली ती कुटुंबनियोजनाने, २००२ मध्ये गर्भपात कायदेशीर झाल्याने, दवाखान्यात बाळंतपण करणाऱ्यांना प्रवासखर्च देण्याने, आणि १९८८ पासून गावोगाव काम करणाऱ्या पन्नास हजारांहून जास्त महिला स्वास्थ्य स्वयंसेविकांनी. या बायका गरोदर बाईच्या हातात आधीच तीन गोळ्या ठेवतात, घरीच बाळंत झाली तर रक्तस्राव होऊ नये म्हणून. नाव 'मातृ सुरक्षा चक्की'. (नेपाळीत चक्की म्हणजे गोळी. पहिल्या दिवशी मला वाटलं होतं, बाळंतिणींना दळणाची काही सोय असावी.) उद्या कोणी मला म्हणालं की गोळ्या किंवा हेलिकॉप्टर यांतलं एकच निवड, तर मी डोळे मिटून गोळ्या निवडीन.

पण "त्या पैशात नर्स ठेवा" म्हणणारे एक धरून चालतात, की पैसे असले की नर्स राहते. पद असतं, पगार असतो, खोली असते, आणि माणूस बदली मागून निघून गेलेला असतो. त्याच अनमीने नंतर मला सांगितलं ते असं: आधीच्या गावी एक बाई स्ट्रेचर उचलणारी माणसं गोळा होईपर्यंत तिच्या मांडीवर गेली. पेरणीचे दिवस, पुरुष शेतात, निम्मे भारतात कामाला. चार माणसं जमायला दुपार झाली. तिने बदली मागितली. ती इथे टिकली, कारण फोनमध्ये एक नंबर आहे. वर्षातून तीनदा लागतो तो, पण उरलेले ३६२ दिवससुद्धा तो तिच्या उशाशी असतो. हेलिकॉप्टरचा खर्च मांडताना हे कुणी धरत नाही. मीही धरलं नव्हतं.

वेगाबद्दलही लोकांचा गैरसमज आहे. १९९४ साली सरीन थॅडियस आणि डेबोरा मेन या दोघींनी मातामृत्यूंचा अभ्यास करून तीन विलंब मांडले: घरातून निघायचं ठरवण्यातला, वाटेतला आणि दवाखान्यात पोचल्यावरचा. हेलिकॉप्टर फक्त मधला कापतं. पहिल्याचं उदाहरण द्यायचं तर, एका नवऱ्याने आम्हाला कळवायला चार तास लावले. कारण विचारलं तर म्हणाला, म्हशीला गिऱ्हाईक शोधत होतो. फुकट असतं हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. हेली म्हणजे गोऱ्या पाहुण्यांची गाडी, तिचे पैसे आधी मोजावे लागणार, असं तो समजून चालला होता. त्यानंतर आम्ही प्रत्येक आरोग्यचौकीच्या भिंतीवर नंबरापेक्षा मोठ्या अक्षरात 'पैसा लाग्दैन' लिहिलं. पैसे लागत नाहीत.

तिसऱ्याचं उदाहरण अजून घशात अडकतं. दुसऱ्या हंगामात एका बाईला आम्ही फोन आल्यापासून दोन तासांच्या आत एका रुग्णालयाच्या दारात उतरवलं. आमच्या हिशेबाने विक्रमच. खाट तयार होती, डॉक्टर तयार होते, तिच्या गटाचं रक्त नव्हतं. कळवलं आम्ही होतं. निरोप खाटेपर्यंत पोचला, रक्तपेढीपर्यंत पोचला नाही. रक्तदाता सापडेपर्यंत साडेतीन तास गेले. ती गेली. त्या दिवसापासून बाईचा रक्तगट अनमीकडून घेऊन पिशव्या बाजूला ठेवल्याचा उलटा फोन आल्याशिवाय कॅप्टन पंखा फिरवत नाहीत. त्यात दहा मिनिटं जातात. मी ती आनंदाने देतो.

पैशांचं म्हणाल तर नेपाळ सरकारही दुर्गम जिल्ह्यांतल्या गरोदर आणि बाळंत बायकांना हेलिकॉप्टरने फुकट आणतं, राष्ट्रपतींच्या नावाच्या महिला कार्यक्रमातून. चांगलं काम आहे. पण दोन बायका एकाच सकाळी अडल्या, किंवा भाजलेलं मूल असलं, की आमच्यासारख्यांची गरज पडते. आणि देणगीवर इंधन किती दिवस पुरणार? केनियात १९५७ मध्ये तीन शल्यविशारदांनी सुरू केलेली फ्लाइंग डॉक्टरांची सेवा आजही चालते. तिथे पर्यटक आणि कंपन्या वर्षाची वर्गणी भरतात, विमा कंपन्या पूर्ण दर देतात आणि शिलकीतून गरिबांची उड्डाणं होतात. नेपाळला हे जमावं, कारण ट्रेकिंगला येणाऱ्यांचा विमा हेलिकॉप्टरचे पैसे देतोच. पण २०१८ मध्ये उघडकीला आलं की किरकोळ डोकेदुखीवरही पर्यटकांना हेलिकॉप्टरमध्ये बसवून विमा कंपन्यांकडून फुगवलेली बिलं उकळली जात होती. गाइडपासून रुग्णालयापर्यंत साखळी. तेव्हापासून 'हेली रेस्क्यू' म्हटलं की विमावाले डोळे बारीक करतात. आमच्या गरीब बाळंतिणीचा या सगळ्याशी काय संबंध? तरी तिची फाइलही संशयानेच उघडली जाते.

धोक्याबद्दल कुणी विचारत नाही, म्हणून मीच सांगतो. २०१९ च्या फेब्रुवारीत पूर्व नेपाळमधल्या ताप्लेजुङमध्ये हेलिकॉप्टर कोसळून नेपाळचे पर्यटनमंत्री रवींद्र अधिकारी यांच्यासह सातही जण गेले. मंत्री आत असताना हे होतं. म्हणून कॅप्टन नाही म्हणाले की विषय संपला. बाई किती आजारी आहे हे त्यांना आधी सांगायचंच नाही असा आमचा नियम होता. हवामान बघायचं, वारा बघायचा, मग हो किंवा नाही. दुपारी दऱ्यांतून वारा सुटतो, म्हणून बहुतेक उड्डाणं सकाळची. पावसाळ्यात तीन-तीन दिवस ढग हलत नाहीत. त्या दिवसांत पुन्हा अनमी, सूट आणि अकरा टक्के बॅटरी.

आता ज्याचा विचार मीही पहिल्या वर्षी केला नव्हता ते. हेलिकॉप्टर आणतं, परत कोण नेतं? ती चैत्रातली बाई सहाव्या दिवशी उठून वऱ्हांड्यात बसली. अंगावर वरच्या थंडीची लोकरी बंडी, पायात रुग्णालयातून मिळालेल्या रबरी चपला, सुर्खेतला ऊन मी म्हणत होतं. बरोबर सासू. दोघींनी याआधी जिल्ह्याबाहेर पाऊल टाकलं नव्हतं, गाडी पाहिली होती ती दूरून. परत जायचं तर रस्ता संपेपर्यंत जीप आणि पुढे दोन दिवस पायी, पोटाशी सहा दिवसांचं बाळ आणि अंगात रक्त निम्मं. संस्थेच्या अंदाजपत्रकात उड्डाणाला पैसे होते, जीपला नव्हते. ती रोज सिस्टरला एकच विचारायची, हेली कधी जाणार?

नवव्या दिवशी हुमल्याच्या मुख्य ठाण्याहून, सिमीकोटहून, फोन आला. मांडीचं हाड मोडलेला मुलगा, वेदना होत्या पण जिवाला धोका नव्हता, घाई नव्हती. हेलिकॉप्टर वर रिकामंच जाणार होतं, आणि तिचं गाव वाटेवर. मी पिशवी भरून मैदानात गेलो. मुलाला भूल देऊन हाड ओढून बांधायचं म्हणून या खेपेला माझं जाणं पक्कं होतं. कॅप्टनने काटा मांडला. आधी सासू उभी राहिली, मग ती, मग बाळ दुपट्यासकट: तीन किलो शंभर. मग मी. त्यांनी कागदावर बेरीज केली, पुन्हा केली, आणि माझ्याकडे बघितलं. मी भुलीची औषधं आणि चिठ्ठी सिस्टरच्या हातात दिली आणि फोन चार्जिंगला लावायला आत गेलो.