यूसीतल्या एका रकान्याने साडेचार महिने खाल्ले

समुद्राखालचा आवाज आम्ही अकरा दिवसांत मोजला. त्या कामाला मिळालेल्या अनुदानावरचं व्याज कुठे गेलं हे शोधायला साडेचार महिने लागले. अजून आठवलं की डोकं तापतं, म्हणून लिहून टाकतो.

नेव्हल रिसर्च बोर्ड 1996पासून नौदलाच्या उपयोगाच्या मूलभूत संशोधनासाठी शिक्षणसंस्थांना अनुदान देतं. आमचा विषय रत्नागिरीजवळच्या उथळ पाण्यातला गोंगाट. तिथल्या खडकांत बोटभर लांबीच्या कोळंब्या असतात. त्यांची मोठी नांगी इतक्या झटक्यात मिटते की पाण्यात बुडबुडा तयार होतो आणि फुटतो. हायड्रोफोन, म्हणजे पाण्याखालचा माइक, खाली सोडून हेडफोन कानाला लावला की गरम तेलात मोहरी तडतडल्यासारखं ऐकू येतं. पाणबुडीचा बारीक आवाज शोधणाऱ्या सोनार यंत्रणेला यातूनच वाट काढायची असते.

प्रस्ताव, सादरीकरण, तज्ज्ञांचे प्रश्न यात सांगण्यासारखं काही नाही. पहिला हप्ताही आला. पुढच्या हप्त्यासाठी मार्चअखेरचं यूसी, म्हणजे अनुदान कसं वापरलं ते दाखवणारं उपयोगिता प्रमाणपत्र, पाठवायचं होतं. त्यात एक रकाना व्याजाचा. आमच्या अकाउंट सेक्शनने तिथे शून्य लिहिलं, सीएंनी सही ठोकली, मीही न वाचता सही केली. (ही चूक माझीच.) कागद परत आला: वर्षभर पैसे बचत खात्यात होते, मग व्याज शून्य कसं?

"सर, व्याज कॉलेजच्या जनरल खात्यात वळवलं की. पैसे घरातच आहेत," अकाउंटवाले काका म्हणाले. जनरल फायनान्शियल रूल्स 2017 मधला नियम 230 मी त्यांच्यापुढे ठेवला. अनुदानावरचं व्याज संस्थेचं नसतं, ते सरकारी तिजोरीत भरायचं असतं. काकांनी चष्मा लावून तो वाचला आणि म्हणाले, "हे मोठ्या इन्स्टिट्यूटसाठी असेल." मग प्राचार्यांची टिप्पणी. मग व्यवस्थापनाची मंजुरी, कारण जनरल खात्यातून पैसे काढायचे तर दोन सह्या लागतात आणि त्यातले एक साहेब परगावी. मग सीए म्हणे जुनं यूसी रद्द झाल्याचं पत्र द्या. रक्कम किती? 11,482 रुपये. तिसऱ्या आठवड्यात मी स्वतःच्या खिशातून भरतो म्हणालो, तर काका दुखावले, "सर, असं हिशेबात बसत नाही."

तोवर मे उलटला. 1 जूनला मासेमारीबंदी लागली, बोट मिळेना, पावसाळ्याआधीच्या मोजण्या गेल्याच. आमच्या जेआरएफचे, म्हणजे प्रकल्पावरच्या कनिष्ठ संशोधकाचे, महिना 37,000 रुपये थांबले. पोरगा संध्याकाळी बारावीच्या शिकवण्या घ्यायला लागला आणि मला तोंड चुकवावं लागायचं.

म्हणून सांगतो, प्रकल्पाचं खातं पहिल्या दिवसापासून वेगळं काढा आणि पासबुक स्वतःकडे ठेवा. दर तिमाहीला व्याजाची नोंद पेन्सिलीने खूण करून ठेवा. तिजोरीत पैसे भरल्याचं चलन यूसीला जोडा, नुसतं 'भरले' लिहून भागत नाही. आणि हो, हे आधी सांगायला हवं होतं: मंजुरीपत्र आलं की त्याची एक प्रत अकाउंट सेक्शनला देऊन पोच घ्या. आमची प्रत माझ्या कपाटात होती, काकांनी ती कधी पाहिलीच नव्हती. बोटवाल्याला पावती मागायला लाजू नका, कोऱ्या कागदावर सही आणि रेव्हेन्यू स्टॅम्प असला तरी आमच्याकडे चाललं.

सुधारित यूसी ऑगस्टअखेर गेलं. हप्ता जमा झाल्याचा मेसेज आला तेव्हा मी वर्गात होतो. फळ्याकडे तोंड करून दोन मिनिटं उगाच पुसत राहिलो.

यंदा 2 एप्रिलला काकांचाच फोन. "सर, व्याज 6,210. चलन काढू का?"