मोबाईलवर दिसतंय ना?

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा सीझन लागला की माझा फोन थांबत नाही. गोदामात पोती चढली की अडत्यांना कॅमेरे आठवतात. कॅमेरे ठोकायचे, वायर ओढायची, रेकॉर्डिंग साठवणारा डबा, म्हणजे डीव्हीआर, राउटरला जोडायचा. शेठजींचा प्रश्न ठरलेला, "मोबाईलवर दिसतंय ना?" दिसलं की चहा येतो. आणखी कुणाला दिसतंय, हे मात्र कुणी विचारत नाही.

जुन्या डीव्हीआरला कंपनीने दिलेला पासवर्डच वर्षानुवर्षं राहतो. कारण तो दिवाणजींना लागतो, पुतण्याला लागतो. डीव्हीआरच्या डोक्यावर मार्करने लिहिलेला पासवर्डही मी बघितलाय. एका शेठजींनी माझ्या आग्रहाखातर बदलला आणि स्वतःचा मोबाईल नंबर टाकला. तो दुकानाच्या पाटीवरच आहे.

"आमची पोती बघून कोण काय करणार?" असं म्हणतात. पण चोराला बऱ्याचदा चित्र नकोच असतं, यंत्र हवं असतं. डीव्हीआर हा चोवीस तास चालू असलेला छोटा कॉम्प्युटरच. 2016 साली मिराई नावाच्या व्हायरसने नेमकं हेच हेरलं. कंपनीकडून येणाऱ्या साठेक नाव-पासवर्डांच्या जोड्या घेऊन तो जगभरातले कॅमेरे, डीव्हीआर, राउटर चाचपत सुटला. जे उघडले ते त्याचे. त्या वर्षी 21 ऑक्टोबरला त्या फौजेने वेबसाइटचे पत्ते शोधून देणाऱ्या अमेरिकेतल्या डाइन (Dyn) कंपनीवर हल्ला चढवला आणि ट्विटर, नेटफ्लिक्स कित्येकांना उघडेनात. ज्यांची यंत्रं त्यात राबली त्यांना पत्ताही नव्हता. मिराई नुसता मेमरीत राहायचा, स्विच बंद-चालू केला की जायचा. पण पासवर्ड तोच असला की काही मिनिटांत परत हजर.

9 एप्रिल 2025 पासून आपल्याकडे कॅमेऱ्यांना सुरक्षा तपासणी सक्तीची झाली. बरं झालं. पण भिंतीवरच्या जुन्यांचं काय? कंपनीनेच अपडेट देणं सोडलेले डीव्हीआर मी सरळ इंटरनेटवरून काढायला सांगतो. रेकॉर्डिंग दुकानात होतच असतं. मोबाईलवर बघायचंय तर नवा घ्या. (मी माल खपवतोय असं त्यांना वाटतं. तेही अगदीच खोटं नाही.)

घरातलं काम निराळं. विश्रामबागेतल्या एका काकूंच्या मुलाचा पुण्याहून फोन आला, आईच्या खोलीत कॅमेरा लावा, आवाजासकट. काकू म्हणाल्या, "लाव बाबा, त्याला काळजी वाटते." मी त्यांना रिंग या घरगुती कॅमेरे विकणाऱ्या कंपनीचं प्रकरण सांगितलं. या कंपनीचे कर्मचारीच गिऱ्हाइकांच्या घरातले खासगी व्हिडिओ बघत होते, असा आरोप 2023 मध्ये अमेरिकन सरकारने ठेवला आणि कंपनीला 58 लाख डॉलर मोजावे लागले.

"मग बाहेर दारावर लाव," काकू म्हणाल्या. "कोण आलंय ते मला बघू दे."

माईक बंद केला. पासवर्ड त्यांनाच टाकायला लावला, तोवर मी शिडी आवरली. संध्याकाळी मुलाचा फोन, ॲप उघडत नाही म्हणून. म्हटलं, आईंना विचारा.