चौघांचं माप

केक करण्यासाठी कधीतरी घेतलेला वजनकाटा कपाटात पडून होता. दोन महिन्यांपूर्वी तो ओट्यावर काढला आणि ठरवलं, फेकायच्या आधी सगळं याच्यावर जाईल. सालं-देठं धरायची नाहीत. खाण्याजोगं होतं आणि माझ्यामुळे वाया गेलं, तेवढंच मोजायचं.

पहिल्या आठवड्यात 1 किलो 140 ग्रॅम. नवरा म्हणाला, "काटा बिघडलाय."

काटा बिघडला नव्हता. मुलं घराबाहेर पडून वर्ष झालं, पण माझ्या हाताला अजून चौघांचंच माप आहे. त्यात हंगामाची भाजी इतकी देखणी असते की पालकाच्या दोन जुड्या कधी पिशवीत जातात कळत नाही. उरलंसुरलं शिळं अन्नच वाया जात असेल अशी माझी समजूत होती. ते फार थोडं निघालं. निम्म्याहून जास्त वजन कौतुकाने आणलेल्या ताज्या पालेभाजीचं होतं!

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा 2024चा अहवाल सांगतो की 2022 साली जगात 105 कोटी टन अन्न वाया गेलं, आणि त्यातलं सुमारे 60 टक्के घराघरांतून. मी इतके दिवस हॉटेलांना नावं ठेवत होते.

मग एकेक चूक सापडत गेली. पालक सफरचंदांच्या शेजारी ठेवायचे. पिकलेल्या सफरचंदातून इथिलीन वायू निघतो आणि त्याने पालेभाजी लवकर पिवळी पडते. आता पालक कोरडा करून सुती कापडात गुंडाळते, सफरचंदांपासून लांब. गाजरांचा पाला आणल्या आणल्या कापते, नाहीतर तो गाजरातलं पाणी ओढत राहतो. तरी गाजरं मऊ पडलीच तर तासभर गार पाण्यात बुडवून ठेवायची. बहुतेकदा पुन्हा कडक होतात.

फसलेला प्रयोगही सांगून टाकते. फ्लॉवरचे दांडे आणि कोबीची बाहेरची पानं वाया जाऊ नयेत म्हणून सूपसाठी तासभर उकळली. घरभर असा वास सुटला की खिडक्या उघडाव्या लागल्या, आणि चव कडवट. सगळं ओतून दिलं. नियमाप्रमाणे वजन केलं, 620 ग्रॅम. फ्लॉवर-कोबीतल्या गंधकाच्या संयुगांना इतकी उकळी मानवत नाही. तेच दांडे सोलून, पातळ चिरून, मोठ्या आचेवर तेलात पाच मिनिटं परतले तर फुलांपेक्षा गोड लागतात. आमच्याकडे आता त्यावरून भांडण होतं.

मटाराच्या बाबतीत मात्र मी भरपूर आणायची सवय सोडलेली नाही. तोडल्यापासून त्यातल्या साखरेचा स्टार्च व्हायला लागतो, म्हणून त्याच संध्याकाळी दोघं सोलायला बसतो. उकळत्या पाण्यात दीड मिनिट, लगेच बर्फाच्या पाण्यात, नीट कोरडे करून फ्रीजरमध्ये. फ्रीजर म्हणजे आळशी माणसाची सोय, असं मी म्हणायचे. चार दिवस फ्रिजमध्ये पडलेल्या "ताज्या" मटारापेक्षा हे दाणे उजवे असतात, हे कबूल करायला मला बरीच वर्षं लागली.

गुरुवारी खरेदी नाही. असेल त्यात भागवायचं. बहुतेकदा ऑम्लेट होतं, त्यात काहीही खपतं.

गेल्या आठवड्यात 260 ग्रॅम. त्यातले 200 एकट्या काकडीचे. ती खालच्या कप्प्यात पार मागे सरकली होती. मागे काही ठेवायचं नाही, हा नियम मीच केलाय.