बेसचा पेडलबोर्ड: आता वीजपुरवठा

बेस गिटारच्या पेडलांचा क्रम ठरला आहे: ट्यूनर, कॉम्प्रेसर (लहान-मोठे आवाज सारखे करणारा), ऑक्टेव्हर (सप्तकभर खालचा स्वर जोडणारा), ओव्हरड्राइव्ह (आवाज खरखरीत करणारा), डिजिटल डिले (प्रतिध्वनी देणारा), शेवटी डीआय (सिग्नल मिक्सरला पाठवणारा डबा). या खेपेस सगळा वेळ पॉवरवर गेला.

आतापर्यंत ९ व्होल्टच्या एकाच अडॅप्टरवर डेझी चेन होती, म्हणजे एकाच वायरीतून सगळ्या पेडलांना वीज. डिले जोडला की बारीक चिंऽऽ सुरू व्हायची आणि ओव्हरड्राइव्ह दाबला की ती अंगावर यायची. पॅच केबली तशाच ठेवून फक्त डिलेला वेगळा अडॅप्टर लावला, तर चिं बंद. डिलेच्या डिजिटल क्लॉकचा आवाज सामाईक ग्राउंडवरून (विजेच्या परतीच्या वाटेवरून) बाकीच्यांत शिरत होता.

विजेची घरघर (हम) मात्र राहिली, आणि आपण बेसवाल्यांनी तिचा पिच्छा पुरवायलाच हवा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. ई तारेवर तिसऱ्या फ्रेटचा जी ४९ हर्ट्झचा. एसीचं डीसी करणाऱ्या रेक्टिफायरनंतर उरलेली रिपल (व्होल्टेजमधला चढउतार) १०० ची, तर मोकळी जी तार ९८ ची. गिटारची सगळ्यांत खालची ई ८२ हर्ट्झवर असते, त्यामुळे गिटारवाला ५० चा हम फिल्टरने बिनधास्त कापतो. आपण कापला तर स्वरच जातो. तो खालचा जी लांबवून धरा, सेकंदाला एक अशी लाट ऐकू येते. त्यात कॉम्प्रेसर: मेकअप गेन (दाबलेला आवाज परत वाढवणं) ८ डेसिबल ठेवला, की स्वर विरल्यावर घरघरही तेवढीच वर येते.

म्हणून आयसोलेटेड सप्लाय घेतला, स्ट्रायमनचा झुमा. ९ आउटपुट, ९ व्होल्टला प्रत्येकी ५०० मिलिअँपिअर, आणि एकाचं ग्राउंड दुसऱ्याला जोडलेलं नाही. पॉवर आणि पॅच केबल मिळून जे ग्राउंड लूप (घरघर आणणारे ग्राउंडचे बंद वळसे) बनत होते ते तुटले. आता ओव्हरड्राइव्ह चालू ठेवून, तारांवर हात ठेवून ऐकलं तर फक्त हलकी हिस्स आहे. एवढ्यासाठी पैसे मोजावेत का? बेससाठी, हो.

याच सप्लायच्या दोन आउटपुटवर १२ आणि १८ व्होल्टही मिळतात. माझा ओव्हरड्राइव्ह १८ चालवून घेतो, तसं त्याच्यावर छापलेलं आहे. स्लॅपचा (अंगठ्याने तारेवर मारलेला) फटका आता चेपत नाही, कारण हेडरूम, म्हणजे आवाज फाटण्याआधीची मोकळीक, वाढली. छापलेलं नसेल तर ९ च्या पुढे जाऊ नका. जुना जर्मेनियम ट्रान्झिस्टरचा फझ (आवाज फाडणारा पेडल) असेल तर पोलॅरिटी, म्हणजे प्लस-मायनसची बाजू, आधी बघा. पॉझिटिव्ह ग्राउंडचा फझ डेझी चेनमध्ये लावला तर सप्लाय थेट शॉर्ट होतो.

थोडा हम अजून येतो, पण अँप आणि मिक्सर दोन्ही जोडले असतानाच. डीआयवरचा ग्राउंड लिफ्ट (ग्राउंडची जोडणी तोडणारं बटण) दाबला की जातो. त्यासाठी अँपच्या तीन पिनी प्लगची अर्थिंग कुणीही काढू नये, जिवाशी खेळ आहे.

आता खालच्या वायरी बांधायच्या: मेन्सची वायर बोर्डच्या एका कडेने, आणि जिथे ती सिग्नलला ओलांडते तिथे काटकोनात.