दोन ट्यूनरच्या रेकॉर्डरसाठी डिशचे सामान निवडताना

दोन ट्यूनरचा, म्हणजे वाहिनी पकडणारे दोन भाग असलेला रेकॉर्डर घेताना बहुतेकांचे लक्ष हार्ड डिस्कच्या क्षमतेकडे असते आणि छतावरच्या सामानाचा विचार यंत्र घरी आल्यावर सुरू होतो. माझ्या मते हा क्रम उलटा हवा. एक कार्यक्रम पाहता पाहता दुसरा रेकॉर्ड करण्याची सोय डिशपासून खाली येणाऱ्या केबलींवरही तितकीच अवलंबून असते, आणि दुसऱ्या ट्यूनरला स्वतःची केबल मिळणार नसेल तर त्याचे पैसे बव्हंशी वायाच जातात.

याचे कारण एलएनबीच्या कामात आहे. डिशच्या दांड्यावर बसणारा हा भाग उपग्रहाकडून आलेल्या 10.7 ते 12.75 गिगाहर्ट्झच्या लहरी 950 ते 2150 मेगाहर्ट्झपर्यंत खाली आणतो, म्हणजे त्या साध्या केबलमधून घरात पोहोचू शकतात. पण सगळा पट्टा एकदम केबलमध्ये मावत नाही. म्हणून युनिव्हर्सल एलएनबी त्याचे चार भाग करतो: उभे आणि आडवे ध्रुवीकरण (म्हणजे लहरींच्या कंपनाची दिशा), आणि त्या प्रत्येकात खालचा व वरचा पट्टा. यांतला कोणता भाग हवा हे ट्यूनर त्याच केबलमधून कळवतो. 13 व्होल्ट दिले की उभे ध्रुवीकरण, 18 व्होल्ट दिले की आडवे, आणि जोडीला 22 किलोहर्ट्झचा टोन पाठवला की वरचा पट्टा मिळतो. एका केबलमधून एका वेळी यांतला एकच भाग येतो.

आता एका केबलला स्प्लिटर लावून दोन्ही ट्यूनर जोडले तर काय होते पाहा. पहिला ट्यूनर उभ्या ध्रुवीकरणावरची वाहिनी रेकॉर्ड करत असताना दुसऱ्याने आडव्या ध्रुवीकरणावरची वाहिनी मागितली, की एलएनबीपर्यंत बहुधा 18 व्होल्टच पोहोचतात आणि चालू असलेले रेकॉर्डिंग तिथेच तुटते. दोन्ही वाहिन्या एकाच भागात असल्या तर सारे सुरळीत चालते, त्यामुळे हा दोष कधी दिसतो, कधी दिसत नाही, आणि लोक रेकॉर्डरवर संशय घेत बसतात.

तेव्हा दोन स्वतंत्र आउटपुट असलेला ट्विन एलएनबी ही किमान गरज झाली. मी मात्र चार आउटपुटांचा क्वाड घ्यावा असेच सांगेन, कारण पुढे दुसऱ्या खोलीत सेट टॉप बॉक्स लावायचा झाला तर पुन्हा छतावर चढून डिशची दिशा बिघडवण्याचा धोका राहत नाही. दुकानात क्वाड आणि क्वाट्रो ही नावे नीट वाचून घ्यावीत. क्वाट्रोच्या चार आउटपुटांवर वर सांगितलेला एकेक भाग कायमचा ठरलेला असतो, तो मल्टिस्विचसाठी, म्हणजे हे चार भाग अनेक ट्यूनरना मागणीप्रमाणे वाटणाऱ्या पेटीसाठी बनवलेला आहे आणि थेट रेकॉर्डरला जोडून चालत नाही. पाकिटावर छापलेल्या 0.1 डेसिबल नॉइज फिगरच्या (एलएनबी स्वतः संकेतात किती गोंगाट मिसळतो त्या आकड्याच्या) मोहात पडू नये. त्या दशांशापेक्षा डिश नीट रोखलेली असणे आणि एलएनबी योग्य कोनात फिरवलेला असणे कितीतरी महत्त्वाचे.

भिंतीतून एकच केबल नेणे शक्य असेल, तर युनिकेबल पद्धतीचा एलएनबी हा खरा उपाय आहे. त्यात प्रत्येक ट्यूनरला त्याच केबलवर स्वतःची ठरावीक फ्रिक्वेन्सी मिळते. ईएन 50494 या मानकात आठ ट्यूनरपर्यंत आणि नंतरच्या ईएन 50607 मध्ये बत्तीसपर्यंत सोय आहे, मात्र रेकॉर्डरला ही पद्धत समजते का ते आधी पाहावे लागते.

डिशच्या आकारात कंजुषी करू नये. 60 ऐवजी 80 सेंटीमीटरची डिश घेतली तर क्षेत्रफळ जवळजवळ पावणेदोन पट होते, म्हणजे सुमारे अडीच डेसिबलचा लाभ, आणि मुसळधार पावसात चित्र टिकते की जाते हे बऱ्याचदा तेवढ्यावरच ठरते. मोटरने फिरणारी डिश दोन ट्यूनरच्या कामाची नाही, कारण ती एका वेळी एकाच उपग्रहाकडे पाहू शकते. दोन उपग्रह हवे असतील तर दोन ट्विन एलएनबी आणि प्रत्येक ट्यूनरच्या केबलवर वेगळा डायसेक स्विच (ट्यूनरच्या आज्ञेनुसार या किंवा त्या एलएनबीला जोडून देणारा), अशी रचना करावी.

केबल 75 ओहमची आरजी-6 असावी आणि तिची मधली तार शुद्ध तांब्याची असावी. तांब्याचा मुलामा दिलेली पोलादी तार संकेत नीट वाहते, पण एलएनबीला जाणाऱ्या विजेला तिचा रोध जास्त असतो. लांब केबलमध्ये 18 व्होल्ट उतरत उतरत पुरेसे खाली आले, की एलएनबी ते 13 समजतो आणि आडव्या ध्रुवीकरणाच्या सगळ्या वाहिन्या एकदम गायब होतात. केबलच्या टोकाला एफ-कनेक्टर (पेचाचा जोड) बसवताना बाहेरचे आवरण सोलून जाळी मागे दुमडावी आणि तिचा केसाएवढाही तंतू मधल्या तारेला टेकत नाही ना, ते उजेडात धरून तपासावे. छतावरच्या जोडावर जलरोधक टेप गुंडाळावी आणि केबलला खाली झुकणारा एक वळसा द्यावा, म्हणजे पाणी त्या वळशावरून खाली टपकेल आणि केबलवरून वाहत कनेक्टरात शिरणार नाही.

जोडणी झाल्यावर एका ट्यूनरवर उभ्या ध्रुवीकरणाची खालच्या पट्ट्यातली आणि दुसऱ्यावर आडव्या ध्रुवीकरणाची वरच्या पट्ट्यातली वाहिनी एकाच वेळी रेकॉर्डिंगला लावावी, मग दोन्हींची अदलाबदल करून पुन्हा लावावे, आणि चारही रेकॉर्डिंग अखंड निघाल्यावरच शिडी उचलावी.